पाचशे मार्कांचा कावळा

११ जानेवारी, रविवार. नगर

ठरलं. भूगोल सोडला. तत्त्वज्ञान घेणार.

लिहून ठेवतेय, कारण उद्या सकाळी मीच शेपूट घालीन. दोन वर्षं कलेक्टरकीची मुख्य परीक्षा दिली आणि दोन्ही वर्षं या भूगोलाने तोंडघशी पाडलं. बाकीचे पेपर बरे, निबंध तर चांगला, आणि वैकल्पिक विषयात पाचशेपैकी एकशे ब्याऐंशी. एवढे मार्क तर नकाशाला नीट घडी घातली म्हणूनही देतात. मुलाखतीचा दरवाजा नुसता लांबून बघितला.

मोनिका अभ्यासिकेत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसते, तिचं मराठी साहित्य आहे. ती म्हणाली, "तिसऱ्या वेळी विषय बदलणं म्हणजे लग्नाच्या मांडवात नवरा बदलण्यासारखं आहे." मी म्हटलं, नवरा एकशे ब्याऐंशीवाला असेल तर बदलावाच.

खरं कारण फक्त इथे लिहिते. तत्त्वज्ञानाचा अभ्यासक्रम छोटा आहे, दोन पानांत मावतो. ज्ञानाची तहान वगैरे काही नाही. कुणी विचारलं तर तहान सांगायची.

१४ जानेवारी, बुधवार. कोल्हारहून परत, नगर

संक्रांतीला घरी गेले आणि तिळगूळ न घेता परत आले. राग अजून डोक्यात आहे, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

जेवायला सगळे होते. अण्णा, आई, रंगनाथ काका, काकांचा अमृत. मी विषयाचं सांगितलं. पहिला घास काकांनीच घेतला. "तत्त्वज्ञान? म्हंजी आता पोरगी प्रवचन करनार. बरं हाय, कुनाच्या दहाव्याला म्हाराज भाड्यानं आनायला नको."

अण्णा आपले पोळी कुस्करत होते. तीस वर्षं विहिरीवरच्या मोटारींचं वाइंडिंग करून, जळक्या तारा काढून नव्या गुंडाळून त्यांच्या बोटांची टोकं काळी झालीत, कितीही साबण लावला तरी जात नाही. म्हणाले, "भूगोल सोडू नको. मोटार चालंना म्हनून कुनी हीर बदलत न्हाई, सुकू."

"मोटारच नाही अण्णा, विहीरच कोरडी आहे."

"बरं. काय असतं त्यात?"

मला वाटलं, खरंच विचारतायत. मी न्यायदर्शनातलं सगळ्यात सोपं सांगितलं. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथे आग आहे. कारण जिथे जिथे धूर, तिथे तिथे आग, जशी चुलीत. याला अनुमान म्हणतात.

"मोटार जळती तवा धूर निघतो," अण्णा म्हणाले. "आग कुठं असती?"

"तो खरा धूर नव्हे."

"मंग खरा धूर कंचा?"

"आगीतून निघतो तो."

त्यांनी घास खाली ठेवला. "म्हंजी आदी आग हाय का न्हाई बघायचं, मंग धूर खरा का खोटा ठरवायचं. मंग धुरावरनं आग वळखली कशी म्हनायची?"

काका एवढे हसले की त्यांना ठसका लागला. अमृत हसला. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. अठ्ठावीस वर्षांची घोडी मी, दोनदा मुख्य परीक्षा दिलेली, आणि चुलीपुढे माझं हसं. मी ताट सरकवलं आणि म्हटलं, "तुम्हाला काय कळतं त्यातलं? तुम्ही तारा गुंडाळा."

अण्णा रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "न्हाई, इचारतोय."

चारच्या गाडीने निघाले. आईने डबा दिला तो घेतला नाही. माझं चुकलं, असं आज लिहायची माझी तयारी नाही.

१७ जानेवारी, शनिवार

अण्णांचे तीन फोन. सकाळी दहाच्या सुमारास, लागोपाठ. मोबाईल हातातच होता. तिन्ही वेळा पडद्यावर 'अण्णा' बघत बसले आणि उचलला नाही. आणखी कुचेष्टा ऐकायची हौस नाही. हीर बदलू नको, नकाशा सोडू नको.

आणि चीड आणणारी गोष्ट म्हणजे त्यांचा तो प्रश्न पुस्तकात सापडला. जवळपास तसाच. चार्वाकाने विचारलाय. नैयायिकांनी त्याला उत्तर दिलंय, पण ते तीन वेळा वाचूनही माझ्या गळी उतरत नाही. हजारो वर्षांपूर्वीचा माणूससुद्धा माझ्या बापाच्या बाजूने.

२० जानेवारी, मंगळवार

अण्णा गेले.

२५ जानेवारी. कोल्हार

अण्णा दुकानातच गेले. मोटार उघडून बसले होते, हातात तार होती आणि बसल्या जागी कलंडले. शेजारच्या चहावाल्याने पाहिलं. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मला फोन आला तेव्हा मी 'आत्म्याच्या अस्तित्वाची प्रमाणे' वाचत होते. हे कुणाला सांगू नये असं वाटतं.

पाणी पाजायला अमृत, अग्नी द्यायला अमृत, मडकं फोडायला अमृत. मी एकुलती एक, आणि मला बायकांत उभं केलं. मी म्हटलं, मी देते अग्नी. काका म्हणाले, "आत्ता न्हाई सुकन्या, आत्ता वाद नको." मग कधी? बाप किती वेळा मरतो?

काका रात्रंदिवस धावताहेत हे मान्य. मांडव, माणसं, भाकरी, सगळं तेच बघतात. पण म्हणून त्यांच्यावरचा राग कमी होत नाही.

तेच वाक्य परत परत आठवतं. तुम्ही तारा गुंडाळा. माझं त्यांच्याशी झालेलं शेवटचं बोलणं.

२९ जानेवारी, गुरुवार

आज दहावा झाला.

प्रवरेच्या घाटावर सकाळी आठपासून गर्दी. अण्णांनी अर्ध्या तालुक्याच्या मोटारी गुंडाळलेल्या, त्यामुळे माणसं आली, खरी आली. पण दहावा म्हटला की आपल्याकडे माईक आला. आधी महाराजांचं प्रवचन, आत्मा अमर आहे वगैरे. मग पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या. एकाने अण्णांना 'प्रगतशील शेतकरी' म्हटलं. अण्णांकडे दुकानामागचे तीन गुंठे होते आणि त्यात जुन्या मोटारींचे सांगाडे पडलेत. दुसऱ्याला त्यांचं नाव आठवेना, तर 'आपले सर्वांचे लाडके दिवंगत' यावर त्याने वेळ मारून नेली.

पिंड मांडला आणि सगळे मागे सरले. कावळे समोरच्या बाभळीवर होते, सात-आठ. एकही हलेना. साडेनऊ झाले, दहा झाले.

मग सुरू झाला तो प्रकार. मेलेल्याची इच्छा राहिली असेल, ती पुरी करायचा शब्द द्यायचा, मग कावळा शिवतो. आधी खाण्याचं झालं. चहा ठेवला, गोडीशेव ठेवली, अण्णांना फार आवडायची. कावळे ढिम्म. अमृत हात जोडून म्हणाला, "मोठे काका, दुकान मी चालवीन." त्यावर एक कावळा उडाला आणि आणखी लांब जाऊन बसला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. रंगनाथ काका पुढे झाले. "दादा, सुकन्याचं लगीन औंदाच लावतो, काळजी करू नको." कावळ्यांना तेही पटलं नाही. एवढ्या माणसांत अक्कल फक्त त्यांनाच होती.

तिकडे माईकवर तिसरा पुढारी चालूच. ऊन चढलं. गुरुजी खऱ्याऐवजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले. तेवढ्यात चांगुणा आत्या, अण्णांची बहीण, रडत माझा दंड धरून म्हणाली, "पोरीत जीव आडकलाय त्याचा. संक्रांतीपास्नं जेवला न्हवता धड. सुके, तू बोल. तुला म्हाईत हाय त्याला काय पायजे हुतं."

सगळा घाट माझ्याकडे बघायला लागला. कावळा हा पक्षी आहे हे मला माहीत होतं. गर्दीला बिचकतो हेही माहीत होतं. आणि तरीसुद्धा मला आतून वाटत होतं की तो माझ्यामुळे येत नाही, त्या एका वाक्यामुळे येत नाही.

मी ओरडले, "बरं! सोडलं तत्त्वज्ञान! भूगोल घेते! झालं समाधान?"

बापाच्या पिंडावर ओरडले मी. माईकवरचा पुढारी अर्ध्या वाक्यात गप्प झाला. आणि बाभळीवरून एक कावळा आला, सरळ पिंडावर बसला आणि चोच मारली.

"शिवला! शिवला!" काका तिथेच मातीत बसून लहान पोरासारखे रडायला लागले. चांगुणा आत्याने माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. पाचशे माणसांसमोर मी शब्द दिला आणि कावळ्याने त्यावर सही केली.

३१ जानेवारी

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. शेंबडं पोरही ही म्हण म्हणतं. एका मागोमाग एक दोन गोष्टी घडल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही. हे मला परीक्षेत पंधरा मार्कांना लिहिता येईल, पाश्चात्त्य आणि भारतीय दोन्ही बाजूंनी, शेवटी स्वतःचं मतही देता येईल.

मग गिळता का येत नाही?

अमृतने दहाव्याचं मोबाईलवर चित्रण केलंय. ते त्याच्याकडून घेतलं. वीस वेळा तरी पाहिलं. मी ओरडते, माईक बंद होतो, लोक दचकून चार पावलं मागे सरतात, सगळं शांत होतं, आणि मग कावळा उडतो. सरळ आहे! गोंगाट थांबला म्हणून आला. मी 'खिचडी' म्हणून ओरडले असते तरी आला असता. माझ्या मागे आई उभी दिसते. डोळे मिटलेत, ओठ हलतायत. देवाचं नाव घेत असेल. मी पिंडावर बोंबलत असताना तिने दुसरं काय करायचं.

कारण सापडलं, सिद्ध झालं. आणि तरीही अण्णांना शेवटचा शब्द दिलाय तो भूगोलाचा, हे काही हलत नाही. माईक बंद झाला म्हणून दिलेला शब्द रद्द होतो का? याचं उत्तर कुठल्या दर्शनात आहे ते मला कुणी सांगावं.

गुरुजी दर्भाचा कावळा करतच होते. पाच मिनिटं तोंड बंद ठेवलं असतं तर? या पाच मिनिटांसाठी मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

४ फेब्रुवारी

जाहिरात आली. फॉर्मची मुदत २४ तारखेपर्यंत. वैकल्पिक विषय फॉर्ममध्येच भरायचा आणि मोनिकाने बजावून कळवलंय, एकदा भरला की बदलता येत नाही. तिने तिच्या ओळखीतून तत्त्वज्ञानाच्या नोट्सही पाठवल्या, मागितल्या नसताना. उघडल्या नाहीत. डिलीटही केल्या नाहीत.

काका सकाळीच आले. "भरला का फॉर्म? भूगोल टाकलास ना?" मग खिशातून दोन स्थळांचे कागद काढून कट्ट्यावर ठेवले. म्हणाले, "परीक्षा दे, नको कोन म्हनतंय? पन सोबत हे बी बघ." भूगोलासोबत नवरा फुकट, अशी योजना दिसते.

६ फेब्रुवारी

आईचं काय चाललंय कळत नाही. नवरा जाऊन अठरा दिवस झाले नाहीत आणि बाई रोज सकाळी दुकान उघडून बसते. बेलापूरहून कल्याण मिस्त्रीला बोलावलंय. तो अण्णांच्या हाताखाली शिकला, आता त्याचं स्वतःचं दुकान आहे. अण्णा ज्या मोटारीवर बसले असताना गेले, तीच मोटार त्याच्याकडून पुरी करून घेतेय. तीच! ती तार अण्णांच्या हातात होती. मी म्हटलं, तिला हात लावू नका, राहू दे तशी. आई म्हणाली, "आर्दी गुंडाळलेली मोटार काय देव्हाऱ्यात ठिवायची व्हय?"

मला इतका संताप आला की दुकानाच्या शटरला लाथ मारली. पाय सुजलाय.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज भांडण झालं आणि फार बरं झालं.

मी फॉर्म उघडून बसले होते. सगळं भरलं, विषयाच्या रकान्यापाशी अडले. भूगोल निवडायचा आणि संपवायचं. तेवढ्यात आई दुकानातून आली, हाताला वार्निशचा वास. म्हणाली, "कल्याण म्हनतो शनिवारपर्यंत वाळंल. इतवारी पोचवू."

मी फुटले. म्हटलं, तुला मोटारीशिवाय काही सुचत नाही का? इथे माझं आयुष्य चाललंय, बापाला दिलेल्या शब्दापायी मी परत त्या कोरड्या विहिरीत उडी मारतेय, आणि तू मोटार वाळवतेस!

"कंचा शब्द?"

"कंचा म्हणजे? दहाव्याला दिला तो! भूगोलाचा! कावळा शिवला तो!"

आई माझ्याकडे बघतच राहिली. मग खाली बसली आणि म्हणाली, "कावळा तर माझ्या बोलन्यानं शिवला."

मला वाटलं ऐकण्यात काही घोळ झाला. नव्हता झाला. तिने नीट सांगितलं. नदीपलीकडच्या वस्तीवर बनुबाई म्हणून आहे, एकटी राहते, अर्धा एकर कांदा लावलाय. तिची मोटार जळली. अण्णांनी स्वतः जाऊन विहिरीतून काढून आणली आणि बुधवारी देतो म्हणून सांगितलं. मंगळवारी ते गेले. ती बाई सुतकात मोटार मागायची कशी म्हणून आलीच नाही. शेजाऱ्याच्या पाळीने पाणी घेत कांदा जगवतेय.

"तुझ्या बापानं तीस वरसांत दिलेला वार कदी चुकवला न्हाई," आई म्हणाली. "माझ्या डोक्यात सकाळपास्नं त्येच हुतं. लोकं लगीन म्हनंत हुती, दुकान म्हनंत हुती. मी डोळं मिटलं आन् म्हनलं, आवो, बनुबाईची मोटार मी पोचवते, तुमी जावा आता. डोळं उगाडलं तर कावळा बसलेला."

"पण मी ओरडले तेव्हा..."

"तू कायतरी वराडलीस खरी. मला वाटलं रडतीयस. मला काय म्हाईत भूगोल म्हनून वराडलीस."

चित्रण परत काढलं. आईचे हलणारे ओठ. देवाचं नाव नव्हतं ते, मोटार होती.

मी हसायला लागले आणि मग इतकी रडले की आई घाबरली. दहाव्यापासून पहिल्यांदा रडले. म्हणजे एक कावळा आणि तीन कारणं. माईक बंद झाला, मी भूगोल म्हटलं, आई मोटार म्हणाली. यातलं खरं कुठलं हे सांगायला कावळ्याला बोलावता येत नाही. काकांना मात्र त्यांच्याच हिशेबाने आता गप्प करता येईल. बायकोच्या शब्दाला मुलीपेक्षा जास्त मान.

तरी एक टोचतंच. अण्णांना भूगोलच हवा होता. ते तर त्यांनी जिवंतपणी सांगितलं होतं, त्यासाठी कावळा लागत नाही. रकाना रिकामाच ठेवून फॉर्म बंद केला.

१५ फेब्रुवारी, रविवार

मोटार पोचवली. कल्याणच्या पिकअपमध्ये पुढे तो आणि आई, मागे मोटारीला धरून मी. पुलावरून नदीपलीकडे, मग कच्चा रस्ता.

बनुबाई सत्तरीच्या, काटक, कमरेला पदर खोचलेला. मोटार विहिरीत सोडायला त्यांनी स्वतः दोराला हात घातला. कल्याणने बटण दाबलं. आधी पाइप कोरडाच गुरगुरला, मग गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ. आई विहिरीच्या कडेला उभी राहून त्या पाण्याकडे बघत होती. हात जोडले नाहीत, काही नाही. नुसती "झालं" म्हणाली.

बनुबाईंनी गुळाचा चहा केला. मला नीट निरखून म्हणाल्या, "तूच व्हय ती धूर-आगवाली?"

"कोण?"

"तुझा बाप, राधाकिस्न, सांगत हुता ना. मोटार काढाय आल्ता तवा. म्हनला, माझी पोरगी लई मोठ्या परीक्षेला बसलीय, आन् तिनं काय केलं म्हाईत हाय का बनुबाई? हजारो वरसं शानी-शानी मानसं म्हनत आली, धूर हाय तिथं आग हाय. माझ्या पोरीनं त्यात खोट काढली. म्हनली, मोटार जळती तवा धूर असतो, आग कुठं असती?"

मी म्हटलं, "मी नाही. ते अण्णा म्हणाले होते. त्यांनी काढली खोट."

"तुझंच नाव घेत हुता. म्या म्हनलं, आरं मंग खरा धूर कंचा? तर हसाय लागला. म्हनला, हितंच तर घोडं आडलंय, थांब, पोरीलाच इचारतो. आन् त्या तिथं, बांधावर हुबा ऱ्हाऊन फोन लावला तुला. एकदा, दोनदा, तीनदा. तू काय उचलला न्हाई." त्यांनी माझ्या हातातला कप घेतला. "म्हनला, आभ्यासात आसंल. आभ्यासाला बसली की मोबाईल लांब ठिवती ती."

आई पाण्याकडेच बघत होती. मी विचारलं, "भूगोलाचं काही बोलले का?"

"भूगोल? त्ये काय असतं?"

रात्री साडेनऊ. वही मागे उलटून १७ जानेवारीचं पान वाचलं. 'मोबाईल हातातच होता.' माझ्याच अक्षरात आहे, फाडून टाकलं तरी खरं राहील.

मला राग आलाय. यावेळी अण्णांचा. स्वतःचा प्रश्न, चार्वाकाच्या तोडीचा, माझ्या नावावर खपवायचा अधिकार त्यांना कुणी दिला? माझ्यासमोर म्हणायचं हीर बदलू नको, आणि बांधावर उभं राहून माझा डांगोरा पिटायचा. ते माझ्यावर हसले नव्हते, कधीच नव्हते हसले, काका हसले होते. अण्णा म्हणाले होते, न्हाई, इचारतोय. ते खरंच विचारत होते. त्यांना उत्तर हवं होतं आणि घरात ते देऊ शकणारं एकच माणूस आहे असं त्यांना वाटलं, आणि त्या माणसाने त्यांना तारा गुंडाळायला सांगितलं.

मला त्यांच्याशी भांडायचंय. आत्ता, समोर बसवून.

२४ फेब्रुवारी, मंगळवार. नगर

फॉर्म भरला. वैकल्पिक विषय, तत्त्वज्ञान. उत्तरं लिहिण्याची भाषा, मराठी. मोनिका शेजारून बघत होती, म्हणाली, "बदललास शेवटी नवरा."

काकांना कळवलं तर फोनवरूनच तडकले. "दहाव्याचा शब्द मोडतीस? पाचशे मानसांनी आयकलाय!" मी तोंड उघडणार तोच तिकडे आईने त्यांच्या हातून फोन काढून घेतलेला ऐकू आला. शांतपणे म्हणाली, "दहाव्याला दिल्ता तो शब्द आमी पाळलाय भाऊजी. मोटार पोचली." काकांना त्यातलं काही कळलं नाही. स्थळांचे कागद अजून कट्ट्यावर आहेत, त्यांवर आई दळण निवडते असं तिने मला सांगितलं.

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. बनुबाई. कल्याणकडून नंबर घेतला म्हणे. कांदा सावरलाय, पाणी दणक्यात आहे, हे सांगून झालं. मग म्हणाल्या, "काय गं, त्याचं काय झालं? खरा धूर कंचा, सापडलं का?"

मी म्हटलं, "अजून नाही. शोधतेय."

"बरं, शोध. घाई न्हाई. सापडलं की फोन कर," त्या म्हणाल्या. "म्या उचलीन."